टर्बो बसला, शिट्टी गेली, पण काटा वर का चढतोय?

मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, नवा टर्बो बसवून झाला. जुन्याची शिट्टीपण गेली. पण तापमानाचा काटा वर चाललाय." गाडी एव्हरार्ड नगरपाशी, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या कडेला, चारही इंडिकेटर लावून उभी. पुढे सायनपर्यंत गाड्यांची रांग.

"हीटर फुल गरमवर टाक, पंखा फुल कर आणि झरोक्यापुढे हात धर. वारा कसा येतोय?"

दोन सेकंद शांतता. मुंबईच्या उकाड्यात हीटर लावायला सांगणारा मामा त्याला बिघडलेला वाटला असणार. "साधाच येतोय. थंड."

"मग इंजिन बंद कर. एसी-बिसी काही नको. आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाला हात लावू नकोस, मी येतो."

काटा लालच्या जवळ आणि हीटरमधून थंड वारा, या जोडीवरून बरंच काही कळतं. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनातलं गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं औषध घातलेलं पाणी, त्यातून फिरतं म्हणून हीटर तापतो. इंजिन रटरटतंय आणि हीटर थंड आहे, म्हणजे गरम पाणी तिथवर पोचतच नाही. एक तर पाणी कमी आहे, किंवा मधे हवा अडकली आहे, किंवा पंप पाणी ढकलत नाही. आठवड्याभरात टर्बोचं काम झालेलं असेल तर मी पैज पहिल्या दोघांवर लावतो.

टर्बोचा आणि पाण्याचा संबंध काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि पेट्रोल इंजिनात त्याच्या एका बाजूचा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. मधल्या बेअरिंगला जिवंत ठेवतं ते इंजिन ऑइल. बऱ्याच पेट्रोल टर्बोंमध्ये बेअरिंगच्या भोवती कूलंटही फिरवतात. छोट्या डिझेल गाड्यांत पुष्कळदा फक्त ऑइलवर भागतं. म्हणून घरी काम केलेल्याने आधी आठवायचं ते हे: आपल्या टर्बोला पाइप किती होते? दोनच असतील तर ते ऑइलचे, टर्बो काढताना पाण्याची लाइन उघडायचं कारण नव्हतं. चार असतील तर दोन पाण्याचे, आणि ते सोडले त्या क्षणी कूलिंगच्या बंद चक्रात हवा शिरली.

भाच्याची गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. पाइप चार. जुना टर्बो शिट्टी मारत होता, सकाळी निळा धूर सोडत होता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याने नवीन कोअर आणला, म्हणजे दोन्ही चाकं, दांडा आणि बेअरिंग एकत्र असलेला मधला भाग. मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खाली पुठ्ठा अंथरून, दोन रविवारांत बसवला. सेक्रेटरींची नोटीस येण्याच्या आत. कामाबद्दल मला त्याचं कौतुकच आहे. बोल्ट ओळीने लावले होते, नवीन कोअरमध्ये ऑइल घालून मगच पाइप जोडला होता. चुकलं ते सगळ्यात शेवटी, हात धुवायची घाई झाली तेव्हा.

आलं किती, गेलं किती

मी पोचलो तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि टाकीतलं कूलंट किमान रेघेच्या खाली गेलं होतं. "रेडिएटर रिकामा केलास तेव्हा किती निघालं?" बादलीत धरलं होतं आणि पठ्ठ्याने मोजलंही होतं: साडेचार लिटर. "आणि घातलंस किती?" "टाकी भरेपर्यंत. तीन गेलं असेल."

दीड लिटरचा हिशेब लागत नव्हता. हा हिशेब मला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरपेक्षा भरवशाचा वाटतो. साडेचार बाहेर आलं आणि तीनच आत गेलं, तर उरलेल्या जागेत हवा आहे. टाकी भरलेली दिसली म्हणजे इंजिन भरलं असं होत नाही. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत घाईने पाणी ओतलं की कसं गळ्यापर्यंत येऊन थांबतं, आत मात्र जागा शिल्लक असते, तसंच.

थोड्या हवेने एवढं काय बिघडतं? एक लिटर पाणी जेवढी उष्णता उचलून नेतं, त्याच्या सुमारे साडेतीन हजारावा हिस्सा एक लिटर हवा नेते. म्हणजे बुडबुडा ज्या भागात अडकला तो भाग थंड करायला कोणीच नाही. गंमत अशी की हवा वर चढते, आणि इंजिनात सगळ्यात वर असतं सिलिंडर हेड, जिथे जाळ सगळ्यात जास्त. तिथे उरलेलं पाणी उकळतं, वाफ होते, वाफ आणखी पाणी बाजूला सारते. पंपाच्या पात्यांत हवा आली तर पंप नुसता फिरतो, ढकलत काहीच नाही.

थर्मोस्टॅटही फसतो. त्याच्यात मेणाची कुपी असते. भोवतीचं पाणी साधारण ८२ ते ९० अंशांना आलं की मेण फुगतं आणि रेडिएटरचा रस्ता उघडतो. पण कुपीभोवती पाण्याऐवजी हवेचा बुडबुडा असेल तर ती वेळेवर तापत नाही आणि झडप उशिरा उघडते. मग एकदम थंड पाणी आत येतं आणि काटा झपकन खाली. काटा असा वर-खाली नाचत असेल तर हवा अडकल्याचा संशय पहिला घ्यायचा. पाणी पारच गेलं असेल तर उलटी फसगत होते. सेन्सर कोरडा लटकतो आणि काटा नॉर्मल दाखवत राहतो, आत हेड भाजत असतं.

हवा काढायची रीत कंटाळवाणी आहे, म्हणूनच लोक ती टाळतात. इंजिन पूर्ण थंड. गाडीचं तोंड वर, म्हणजे भरायची जागा सगळ्यात उंच येते. सोसायटीच्या पार्किंगचा उतार यासाठी उत्तम, फक्त हँडब्रेक आणि चाकाखाली दगड विसरू नये. हीटर फुल गरमवर. हवा काढायचा स्क्रू बहुधा थर्मोस्टॅटच्या नळीवर किंवा हीटरच्या पाइपवर असतो, मॅन्युअलमध्ये त्याचं चित्र असतं. तो सैल करायचा आणि कूलंट हळूहळू ओतायचं. आधी फुसफुस होते, मग थुंकल्यासारखे तुटक थेंब येतात, मग न तुटणारी धार. धार आली की स्क्रू बंद. मग झाकण लावून इंजिन चालू ठेवायचं, रेडिएटरचा वरचा जाड होज, म्हणजे रबरी नळी, मधूनमधून दाबायचा, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबायचं. इंजिन थंड करून पातळी बघायची, आणि पुन्हा एकदा सगळं. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी पातळी थोडी उतरते, उरलेली हवा टाकीत येत असते. त्यानंतरही उतरत राहिली तर ती गळती.

झाकणाला हात लावू नको म्हटलं त्यामागे साधं शास्त्र आहे. झाकण चक्रात साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट घातलेलं १३० च्या जवळ. आत ११० अंशांचं पाणी गप्प बसलेलं असतं ते केवळ त्या झाकणामुळे. झाकण फिरवलंत की दाब गेला, आणि ते एका क्षणात उकळून वाफेसकट तोंडावर. वरचा होज मुठीत आरामात धरता येईपर्यंत थांबायचं, आम्हाला पाऊण तास लागला. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणारे काका प्रत्येक सिग्नलवर भेटतात, त्यांना नम्रपणे लांब ठेवावं. ॲल्युमिनियमचं हेड असं वाकतं. त्याच झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. टर्बोच्या खर्चापुढे नवीन झाकण म्हणजे चिल्लर आहे, बदलून टाकावं.

गरम कधी होते?

हवा काढूनही गाडी तापत असेल तर पार्ट बदलायला धावण्याआधी एक-दोन दिवस नुसतं बघा. 'काय बिघडलं' याच्या आधी 'कधी बिघडतं' हे विचारायचं.

एलबीएस मार्गावर रांगेत उभी असताना तापते आणि हायवेवर साठच्या वेगाला काटा खाली येतो, तर वारा कमी पडतोय. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला पंखाच देतो. टर्बोपर्यंत हात जावा म्हणून पंख्याची चौकट काढली होती का? तिचा प्लग परत लावला का? बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा लगेच फिरायला लागतो, तेवढी परीक्षा उभ्या उभ्या होते. फिरत असेल तर रेडिएटरसमोर कागदाचा कपटा धरा. तो जाळीला चिकटायला हवा. उडून गेला तर वायरी उलट्या जोडल्या आहेत आणि पंखा उलटा फिरतोय. ऐकायला विनोदी वाटतं, पण घडतं. रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या काढताना फाटल्या म्हणून फेकून दिल्या असतील तर वारा जाळीतून जाण्याऐवजी बाजूने पळतो.

इथे मुंबईच्या हवेबद्दल थोडं. दमटपणाने रेडिएटरचं फारसं बिघडत नाही, त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. पण दमट हवा गार करताना एसीला त्यातलं बाष्पही पाणी करून काढावं लागतं, त्याचे कष्ट वाढतात. ती सगळी उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बसलेला असतो नेमका रेडिएटरच्या पुढे. म्हणजे आपल्या रेडिएटरला ताजा वारा नाही, एसीचा उष्टा वारा मिळतो. म्हणून तीच गाडी पुण्यात ठीक चालते आणि सायनच्या रांगेत एसी लावून तापते.

याउलट शहरात ठीक आणि बोरघाट चढताना तापते, तर वारा पुरेसा आहे, पण पाणी कमी फिरतंय किंवा उष्णताच जास्त होतेय. अर्धा बुजलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि खालच्या इंजिनामधलं सील) इथे संशयित. गाडी चालू केल्यापासून पाचच मिनिटांत काटा वर गेला तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा हवा आहे. चावी फिरवताक्षणी, थंड इंजिनात काटा लालवर असेल तर पाण्याचा प्रश्नच नाही, सेन्सरची वायर कुठेतरी दबली आहे. एवढं धातू एका सेकंदात तापत नाही.

अडीचशे अंश मोजणारी इन्फ्रारेड बंदूक हाताशी असेल तर वरचा आणि खालचा होज मोजा. काळ्या रबरावरच नेम धरा, चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटा आकडा देते. वरचा कढत, खालचा थंड आणि काटा लाल, तर पाणी रेडिएटरमधून फिरत नाही. दोन्ही सारखेच कढत, तर पाणी फिरतंय, पण रेडिएटर उष्णता सोडत नाही. ब्लूटूथ स्कॅनरही उपयोगी, कारण नव्या गाड्यांतला काटा बऱ्याचदा मुद्दाम सुस्त केलेला असतो. आत तापमान वीस-पंचवीस अंश हललं तरी तो मधोमध ठाण मांडून बसतो. आणि काही गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा-लाल दिवा.

हात कुठे कुठे लागला?

घरच्या दुरुस्तीनंतर मी गाडीला कमी आणि करणाऱ्याला जास्त प्रश्न विचारतो. बेल्ट काढला होता का? काही इंजिनांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. चुकीच्या पुलीवरून वळवला तर पंप उलटा फिरतो आणि गाडी अगदी निर्दोष दिसत दिसत तापते. पाइपांच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून चिंध्या कोंबल्या होत्या का? कोंबल्या किती आणि काढल्या किती? जोड बंद करायचं सिलिकॉन भरपूर चोपडलं का? बाहेर जेवढं फुगून दिसतं तेवढंच आतही फुगतं, आणि आतला तुकडा सुटून बारीक वाटेत जाऊन बसतो.

आणि एक प्रश्न जरा दरडावून: वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोला टाळून जादा धूर सोडणाऱ्या झडपेचा, दांडा आवळलास का? "थोडी पॉवर मिळते" म्हणून मित्र सांगतात. टर्बोचा दाब वाढतो, जळण वाढतं, उष्णता वाढते, आणि पेट्रोल इंजिन खटखटायला लागतं. स्कॅनरवर पी ०२३४ हा कोड दिसला तर दाब गरजेपेक्षा जास्त आहे. दांडा होता तिथे न्यावा आणि मित्र बदलावा.

तापण्याचं कारण कधीकधी नव्या कामात नसतंच, जुन्या टर्बोने जाता जाता ठेवलेलं असतं. महिनोन् महिने त्याने सायलेन्सरकडे ऑइल ओकलेलं असेल तर धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर बुजतो. धुराला वाट मिळत नाही, उष्णता इंजिनातच कोंडते, चढावर दम निघत नाही. नवीन टर्बोवर राग काढून उपयोग नसतो.

गॅरेजमध्ये एक ठरलेला सल्ला मिळतो: थर्मोस्टॅट काढून टाका, मुंबईत त्याची गरजच काय? हा सल्ला मला पटत नाही. इंजिन तापमानालाच आलं नाही तर कॉम्प्युटर ते थंडच समजतो आणि पेट्रोल जास्त पाजत राहतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागची एक तबकडी छोटा आडरस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर तो आडरस्ता कायम उघडा. गरम पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

सगळ्यात महागडा संशय हेड गॅस्केटचा. खुणा अशा: थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, एवढ्यात पाणी तापलेलंही नसतं, म्हणजे दाब सिलिंडरमधून येतोय. टाकीत बुडबुडे येतात आणि थांबत नाहीत. हवा काढताना येणारे बुडबुडे हळूहळू संपतात, गॅस्केटचे संपत नाहीत. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. खात्री करायला एक निळं द्रव मिळतं. टाकीवरची हवा त्यातून ओढली आणि ते पिवळं झालं, तर पेट्रोल इंजिनाचा जळका वायू पाण्यात येतोय. लाल काट्यावर "घर जवळच आहे" म्हणून दामटलेली दोन किलोमीटर इथे भोवतात. छोट्या इंजिनाच्या हेडचा वाकडेपणा बऱ्याचदा ०.०५ मिलिमीटरपर्यंतच चालतो. माणसाचा केस बहुधा त्याहून जाड असतो.

भाच्याने वेळेत इंजिन बंद केलं म्हणून ते टळलं. त्या संध्याकाळी डिकीतल्या बाटलीतलं कूलंट थोडं थोडं करत सव्वा लिटर गेलं. हीटरचा वारा गरम झाला तेव्हा त्याला पहिल्यांदाच उकाडा आवडला असेल. एसी न लावता मुलुंड गाठलं. दुसऱ्या दिवशी उतारावर गाडी लावून रीतसर हवा काढली, स्क्रूतून थुंकी आणि मग धार आली, आणखी थोडं कूलंट गेलं. टाकीवर त्याने पातळीला इन्सुलेशन टेपची लाल पट्टी चिकटवली.

चार दिवस पातळी पट्टीवर. पाचव्या दिवशी करंगळीभर खाली. दोन दिवसांनी आणखी करंगळीभर. फरशी कोरडी, म्हणून त्याला वाटलं पाणी इंजिन पितंय, आणि तो गॅस्केटच्या नावाने हादरला. आरसा आणि टॉर्च घेऊन टर्बोच्या मागे बघितलं तर पाण्याच्या पाइपच्या पोकळ बोल्टभोवती गुलाबी मिठासारखी कड जमली होती. कूलंट झिरपत होतं, आणि तापलेल्या धातूवर वाळून मागे रंग ठेवत होतं. खाली पडायला थेंब उरतच नव्हता. बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. ते एकदा दबले की कडक होतात, दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. याने जुनेच लावले होते. जुने मिस्त्री तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करून घेतात, पण दोन नवीन आणणं जास्त सोपं होतं.

तेव्हापासून पातळी पट्टीवर आहे. परवा मात्र पुन्हा फोन आला. ॲक्सिलेटर दाबला की बारीक शिट्टी वाजते, काटा जागेवर आहे, पण पिकअप थोडा मंदावलाय. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या, होजचा क्लॅम्प सैल असणार आणि हवा गळत असणार. त्याला म्हटलं, साबणाचं पाणी तयार ठेव, रविवारी बघू.